मदत हवी आहे: बीपीसाठी संथ श्वसन. आकडा उतरतो, पण टिकत नाही

अबोली:
आई ६३ वर्षांची, बीपीची गोळी टेल्मिसार्टन ४० रोज सकाळी. घरच्या मशीनवर वरचा आकडा १४४ ते १५०, खालचा ८६च्या आसपास. व्हिडिओ बघून प्राणायाम सुरू केलाय: ४ आकडे श्वास घ्यायचा, १६ रोखायचा, ८ सोडायचा. रोखताना डोकं जड होतं. रोखणं सोडून नुसते छाती भरून श्वास घेतले, तर ओठांना आणि बोटांना मुंग्या. शिवाय, श्वसनानंतर लगेच मोजलं की १३० दिसतं, दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा १४८. करायचं कसं आणि उपयोग होतोय हे कळणार कसं?

वाटाड्या:
४:१६:८ म्हणजे २८ सेकंदांचा एक श्वास. हे मुरलेल्या साधकांचं काम. बीपी असलेल्यांनी कुंभकाच्या, म्हणजे श्वास रोखण्याच्या, वाटेला जाऊ नये. रोखताना छातीत-पोटात जोर लागतो आणि दाब वर चढतो. भस्त्रिका, कपालभातीही सध्या बाजूला ठेवा.

मुंग्यांचं कारण वेगळं. मोठमोठे श्वास घेतले की रक्तातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर पडतो. मुंग्या, गरगरणं त्यामुळेच. श्वास संथ हवा, मोठा नको. शेजारी बसलेल्याला तो ऐकू आला तर मोठा झालाय असं खुशाल समजा.

आईंना खुर्चीत पाठ टेकून बसवा, पावलं जमिनीवर, एक हात बेंबीवर. श्वास नाकानं. हात हलावा, खांदे नाही. पहिला आठवडा ३ सेकंद आत, ४ बाहेर, रोज ५ मिनिटं. सोसलं की ४ आत, ६ बाहेर. मिनिटाला ६ श्वास झाले. मग वेळ १५ मिनिटांपर्यंत न्या. ६ जमत नसतील तर ८वर थांबा, ओढाताण नको. गरगरलं तर मोजणं सोडून नेहमीसारखा श्वास घ्यायचा.

या गतीला महत्त्व का? मानेतल्या आणि हृदयातून निघणाऱ्या मोठ्या धमनीत दाब ओळखणारी यंत्रणा असते. मिनिटाला सहाच्या आसपास श्वास आले की ती जास्त तत्पर होते.

अबोली:
सेकंदकाट्याकडे बघितलं की आईला उलट ताणच येतो.

कण्हेर:
मग जपमाळ द्या हातात. मणी ओढताना श्वास आत, नाव हळू आवाजात लांबवत श्वास बाहेर. १० सेकंदांना एक मणी धरला तर १०८ मण्यांना १८ मिनिटं. सुरुवातीला अर्धी माळ पुष्कळ. इटलीतल्या संशोधकांनी २००१मध्ये ‘ॐ मणि पद्मे हूं’चा जप आणि लॅटिनमधली ख्रिस्ती माळेची प्रार्थना तपासली होती, दोन्हींत श्वास मिनिटाला सहावर आले. फक्त घाईघाईत माळ संपवायची सवय असेल तर फायदा शून्य.

दवबिंदू:
आता मोजण्याबद्दल, कारण खरी फसगत तिथेच होते. श्वसनानंतर लगेच दिसणारे १३० ही तात्पुरती उतरण आहे, ती वहीत लिहूच नका. सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहा आणि गोळीच्या आधी, ५ मिनिटं गप्प बसून मोजा. पायावर पाय नको. पट्टा उघड्या दंडावर, हृदयाच्या पातळीला; हात टेबलावर टेकलेला. एका मिनिटाच्या अंतरानं दोनदा मोजून सरासरी लिहा. संध्याकाळीही तसंच. दंड जाड आणि पट्टा लहान असेल तर आकडा उगाच जास्त येतो, तेही बघा.

सुरुवातीच्या आठवड्याची सरासरी आणि आठ आठवड्यांनंतरची सरासरी शेजारी ठेवा. वरचा आकडा ३-५नं उतरला तरी पदरात पडलं म्हणा. याहून मोठी आशा या उपायाकडून ठेवू नये. घरी १३५/८५च्या खाली हे साधारण लक्ष्य, तेव्हा आईंचं गोळीचं गणित डॉक्टरांना वही दाखवून पुन्हा बघावंच लागेल. गोळी स्वतःहून कमी करायची नाही.

अबोली:
वेळ सकाळची की रात्रीची?

वाटाड्या:
रोज जमेल ती, जेवल्याजेवल्या नको. आणि १८०/१२० किंवा वर दिसलं, सोबत छातीत दुखणं, धाप, बोलण्यात अडखळणं किंवा एका बाजूला अशक्तपणा असेल, तर श्वसन करत बसू नका. १०८ला फोन करा.