विषय: उरलेला ब्रॉथ उकळून चालेल का?

मंडळी, नमस्कार.
सुट्टीला फोंड्यात सासरी आलेय. लेकीला ताप आला म्हणून चिकन ब्रॉथचं एक लिटरचं खोकं आणलं. कपभर वापरलं, बाकी फ्रीजच्या दारात. आज सहावा दिवस. वास ठीक आहे. सासूबाई म्हणतात, "चांगलं उकळ, काही होत नाही." की खोकंच फ्रीजरमध्ये टाकू?

पुन्हा: उरलेला ब्रॉथ

अगं, ते मोरीत ओत. उघडल्यावर फ्रीजमध्ये ३-४ दिवस, बस्स. सासूबाईंना दुखवू नकोस, पण काही जंतू जे विष सोडून जातात ते उकळूनही जात नाही, आणि त्याला वासही येत नाही. न उघडलेलं खोकं फडताळात महिनोन्‌महिने टिकतं, कारण ते निर्जंतुक करून बंद केलेलं असतं. कात्री लागली की ते आपल्या घरच्या रश्शासारखंच. त्यातून फ्रीजचं दार म्हणजे सगळ्यात कमी गार जागा.

पुढच्या वेळी खोकं उघडशील त्याच दिवशी उरलेलं गोठव. मी बर्फाच्या ट्रेमध्ये ओतते, एका क्यूबमध्ये साधारण दोन टेबलस्पून मावतं. गोठले की झिपच्या पिशवीत, वर तारीख. शाकुतीत चार-पाच क्यूब टाकते आणि मीठ अगदी शेवटी, कारण हा ब्रॉथ मुळातच खारट.

खोकं मात्र फ्रीजरमध्ये नको. पाणी गोठताना ९ टक्के फुगतं. माझी लोणच्याची बरणी अशीच गळ्याशी तडकली, काचांपायी शेजारची कोलंबीही टाकावी लागली (ती हळहळ अजून आहे). डबा घेतलास तर वर दोन बोटं जागा सोड. उणे १८ अंशांवर खराब होत नाही, पण चवीसाठी दोन-तीन महिन्यांत संपव. वितळवायचं तर रात्रभर फ्रीजमध्ये, नाहीतर क्यूब थेट पातेल्यात. ओट्यावर ठेवू नकोस.
— काकू, निवृत्तीनंतर म्हापशाला परतलेली

पुन्हा: पुन्हा: उरलेला ब्रॉथ

काकूंनी विजेचं सांगितलंच नाही! इथे पावसात माड तारांवर पडला की रात्र गेली. दार उघडलं नाही तर गच्च भरलेला फ्रीजर ४८ तास तग धरतो, अर्धा भरलेला २४. खालचा फ्रीज जेमतेम ४ तास. वाटीभर पाणी गोठवून त्यावर नाणं ठेवा. गावाहून परत आल्यावर नाणं तळाशी दिसलं, तर मधे सगळं वितळून पुन्हा गोठलंय. तो ब्रॉथ टाकायचा.
— मडगावचा काका

पुन्हा: पुन्हा: पुन्हा: उरलेला ब्रॉथ

ओतलं. सासूबाई शेजारीच उभ्या होत्या, "पैसे पाण्यात" एवढंच म्हणाल्या. वाटीत पाच रुपयांचं नाणं ठेवलंय. आता ते बुडालं का बघायला लेक दर तासाला फ्रीजर उघडतेय.