मदत हवी आहे: ड्रायव्हरमध्ये एस-व्हिडिओचा जॅक एक, पण त्याचे पॅड किती?

नमस्कार मंडळी,

एका व्हिडिओ कॅप्चर बोर्डासाठी लिनक्सचा ड्रायव्हर लिहितोय. डिकोडर (ॲनालॉग सिग्नलचं डिजिटल चित्र करणारी चिप), आय-टू-सी (चिपशी बोलायची दोन तारांची बस), इंटरप्ट, बफर हे सगळं चालू झालंय. अडलोय ते सगळ्यात सोप्या वाटलेल्या जागी. बोर्डाच्या कडेला जे जॅक आहेत, ते मीडिया कंट्रोलरच्या ग्राफमध्ये (हार्डवेअरचे भाग आणि त्यांच्या जोडण्यांचा कर्नलमधला नकाशा: भाग म्हणजे एंटिटी, तिचं जोडायचं टोक म्हणजे पॅड, दोन पॅडमधली जोडणी म्हणजे लिंक) दाखवायचे कसे?

कडेला पिवळा आरसीए आहे, कंपोझिटचा. शेजारी चार पिनांचा गोल मिनी-डिन, एस-व्हिडिओचा. मग आवाजाची लाल-पांढरी जोडी. डिकोडरला तीन ॲनालॉग पिना आहेत: पहिलीवर कंपोझिट, दुसरीवर एस-व्हिडिओची वाय (ल्यूमा, म्हणजे उजेड), तिसरीवर सी (क्रोमा, म्हणजे रंग). आवाज डिकोडरकडे येतच नाही, तो वेगळ्या कोडेकमधून (आवाजाची चिप) अल्साकडे (लिनक्सची आवाजाची यंत्रणा) जातो.

आधी मी जॅक दाखवलेच नव्हते. जुन्या पद्धतीने इनपुटची यादी दिली होती, ० म्हणजे कंपोझिट आणि १ म्हणजे एस-व्हिडिओ. चाचणी करणाऱ्या सहकाऱ्याने एस-व्हिडिओच्या जॅकला ॲडॉप्टर लावून त्यात पिवळी केबल घातली आणि इनपुट १ निवडलं. चित्र आलं, स्थिरही होतं, पण कृष्णधवल. टेस्ट पॅटर्नच्या रंगीत पट्ट्या राखाडी, आणि त्यांच्यावर बारीक ठिपक्यांची जाळी. दोन तास रजिस्टर तपासत बसलो. चूक तिथे नव्हतीच. कंपोझिटमध्ये रंग उपवाहकावर बसून (पालमध्ये ४.४३ मेगाहर्ट्झ, एनटीएससीत ३.५८) उजेडाच्या सिग्नलबरोबर एकाच तारेतून येतो. डिकोडर एस-व्हिडिओ मोडमध्ये होता, म्हणून तो रंग सी पिनेवर शोधत राहिला आणि तिथे काहीच नव्हतं. वाय पिनेवर आलेला रंग त्याने उजेडच समजून ठिपक्यांच्या रूपात दाखवला.

सहकाऱ्याचं काही चुकलं नव्हतं. त्याने जे जोडलं होतं ते सांगायला माझ्या ड्रायव्हरमध्ये शब्दच नव्हता, ही खरी अडचण.

म्हणून आता जॅकच्या एंटिटी करायच्या ठरवल्यात. कंपोझिट सोपं आहे: एक एंटिटी, एक सोर्स पॅड (सिग्नल बाहेर देणारा), एक लिंक. एस-व्हिडिओला मात्र एक पॅड द्यावा की वाय आणि सी असे दोन? बघणाऱ्याला जॅक एकच दिसतो, केबल एकच लागते. आणि लाल-पांढरी जोडी याच ग्राफमध्ये आणायची का? ग्राफ एकदा युजरस्पेसला (कर्नलबाहेरच्या प्रोग्रामांना) दाखवला की तो मागे घेता येत नाही, त्यावर कुणाचा तरी प्रोग्राम उभा राहतो. म्हणून मर्ज व्हायच्या आधी विचारतोय.

प्रतिसाद १

जॅक म्हणजे निव्वळ धातू, सॉफ्टवेअरला त्याच्याशी काय देणंघेणं? त्यात रजिस्टर नाही, घड्याळ नाही. डिकोडरच्या सिंक पॅडना (सिग्नल आत घेणाऱ्या) नीट नावं द्या, काम भागेल.

धागाकर्ता

मलाही आधी असंच वाटायचं. पण वापरणारा डिकोडरची पिन बघत नाही, तो बोर्डावर छापलेलं नाव बघतो. डिव्हाइस ट्रीच्या (बोर्डावर काय कुठे जोडलंय ते कर्नलला सांगणारं वर्णन) कनेक्टर बाइंडिंगमध्ये (ते वर्णन लिहायचे नियम) लेबलची सोय आहे ती याच कारणासाठी. शिवाय एकाच डिकोडरचे दोन बोर्ड असले की चिप तीच राहते आणि जॅक बदलतात. ती माहिती डिकोडरच्या ड्रायव्हरमध्ये कोंबणं मला पटत नाही.

प्रतिसाद २

जॅक हवाच, धागाकर्त्यांशी सहमत. मी हे असं ठरवतो: ज्याच्यावर बोट ठेवता येतं ती एंटिटी, आणि जे स्वतंत्रपणे जोडता-तोडता येतं त्याला वेगळी लिंक. तुमच्या बोर्डावर वाय आणि सी दोन वेगळ्या पिनांवर जातात, म्हणजे लिंक दोन हव्यात. टीव्हीपी५१५० या डिकोडरचं डिव्हाइस ट्री बाइंडिंग बघा. तिथे दोन ॲनालॉग पिनांना दोन पोर्ट आहेत, आणि एस-व्हिडिओच्या एकाच कनेक्टरमधून दोन एंडपॉइंट (जोडणीची टोकं) निघून दोन्ही पोर्टना जातात.

तुमचं ॲडॉप्टरचं कोडंही यातच सुटतं. दोन्ही लिंक चालू म्हणजे एस-व्हिडिओ. फक्त वायची चालू म्हणजे त्याच जॅकमधून कंपोझिट, मग दुसऱ्या पिनेवर डिकोडरला कंपोझिट मोडमध्ये टाका. एकच लिंक ठेवलीत तर ही तिसरी अवस्था मांडायला जागाच उरत नाही. नुसती सीची लिंक चालू केली तर मात्र एररच परत करा, नुसत्या क्रोमातून चित्र बनत नाही.

ॲडॉप्टर लावलाय हे आपोआप ओळखायच्या नादी लागू नका. या जॅकमध्ये ते सांगणारी पिनच नाही, निवड वापरणाऱ्यानेच करायची.

आणखी एक, पॅडच्या नंबरवर विसंबू नका. प्रत्येक डिकोडरचा क्रम वेगळा असतो. कर्नलमध्ये पॅडला सिग्नलचा प्रकार लावता येतो (ॲनालॉग, डिजिटल व्हिडिओ, ऑडिओ). पुलाच्या (ब्रिज, म्हणजे डिकोडरकडून आलेलं चित्र मेमरीत नेणारा भाग) ड्रायव्हरने पॅड शोधायचा तो त्या प्रकारावरून.

प्रतिसाद ३

आवाजाबद्दल लिहितो, माझं रोजचं काम तेच आहे.

लाल-पांढरी जोडी व्हिडिओच्या ग्राफमध्ये ओढू नका. अल्साच्या बाजूला डॅपमचा (आवाजाचे भाग गरजेप्रमाणे चालू-बंद करणारी सोय) स्वतःचा ग्राफ आहे. तिथे लाइन-इन जॅकचं विजेट (त्या ग्राफमधला घटक) करून त्याचा रूट (मार्ग) कोडेकच्या इनपुटला द्या. रेकॉर्डिंग नसताना कोडेकचा तेवढा भाग बंद ठेवण्याचं काम डॅपम त्याच रूटवरून करतं. तोच जॅक दोन ठिकाणी मांडलात तर स्विच कुणाचा खरा यावरून दोन ड्रायव्हर भांडतील.

कुठला आवाज कुठल्या चित्राबरोबर चालतो एवढंच युजरस्पेसला कळायला हवं. व्ही४एल२ च्या (लिनक्सचा व्हिडिओ इंटरफेस) इनपुटमध्ये ऑडिओसेट नावाचा बिटमास्क असतो, पण तो व्ही४एल२ च्याच ऑडिओ इनपुटसाठी. तुमचा आवाज अल्साकडे असल्याने तो शून्य ठेवा. मीडिया कंट्रोलरमध्ये अल्साच्या कॅप्चरसाठी इंटरफेसचा प्रकार आहे, त्याने दोन्ही एकाच मीडिया डिव्हाइसखाली दिसू शकतात. पण पहिल्या पॅचमध्ये ते घेऊ नका.

पुढे एचडीएमआय आलं तर मात्र हा नियम लावू नका. तिथे जॅक एक, पिना १९, आणि आवाजाला वेगळी तारच नाही. चित्राच्या ओळींमधल्या रिकाम्या वेळात, त्याच तारांवरून तो पाकिटं होऊन येतो. म्हणजे आवाज रिसीव्हर चिपमध्येच वेगळा होतो, जॅकवर नाही. तिथे जॅकला ऑडिओचा पॅड देणं चुकीचं ठरेल, तो रिसीव्हरच्या बाहेरच्या बाजूला द्यायचा.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. "वेगळं जोडता-तोडता येतं त्याला वेगळी लिंक" या वाक्याने डोक्यातला गुंता सुटला. मी इतके दिवस जॅकच्या पिना मोजत होतो.

काल रात्री दोन लिंकवाली मांडणी करून पाहिली. तोच ॲडॉप्टर, तीच पिवळी केबल, फक्त वायची लिंक चालू केली. रंगीत पट्ट्या रंगीत आल्या, ठिपक्यांची जाळी गेली. मग ॲडॉप्टर काढून एस-व्हिडिओची केबल लावली आणि दोन्ही लिंक चालू केल्या, तेही व्यवस्थित. नुसत्या सीला एरर येतोय.

आवाज पूर्णपणे अल्साकडे सोडलाय. एकच शंका उरली आहे: इनपुटची जुनी यादी वापरणारे प्रोग्राम मोडायला नकोत, म्हणून ० आणि १ तसेच ठेवून "एस-व्हिडिओ जॅकमधून कंपोझिट" हे २ म्हणून शेवटी जोडतोय. यात कुणाला खोट दिसत असेल तर आजच सांगा, पॅच उद्या पाठवणार आहे.