फ्लॅट मॉनिटर: अक्षर सुधारलं की नुसतं टेबल मोकळं झालं?

कंपोझिटर_नाना
माळा आवरताना १७ इंची जुना डबा मॉनिटर निघाला. खाली उतरवायला दोघं लागलो, वजन पंधरा किलोच्या वर. वीस-बावीस वर्षं डीटीपी, म्हणजे छपाईचा मजकूर कॉम्प्युटरवर जुळवायचं काम करतोय, त्यातली पहिली काही ह्याच्यासमोर गेली. मुलगा म्हणाला, "बाबा, डोळे शाबूत कसे राहिले?" म्हणून हा धागा.

माझं मत असं की फ्लॅट स्क्रीननं सगळ्यात मोठं भलं केलं ते अक्षराचं. नळीवर, म्हणजे ह्या डब्यातल्या काचेच्या पिक्चर ट्यूबवर, मजकूर मधोमध बरा दिसे, कोपऱ्यात मात्र लाल-हिरवी कड सुटायची. नऊ पॉइंटाच्या बारीक अक्षरात अनुस्वार आहे की काचेवरची धूळ, बोट फिरवून बघायचो. 'मंत्री'चा 'मत्री' छापून गेलाय आणि बोलणी मी खाल्लीत. फ्लॅटवर टिंब टिंबासारखं दिसतं. टेबल मोकळं झालं, वीज वाचली, हे सगळ्यांना ठाऊकच आहे.

सोल्डरभाऊ
असहमत. फ्लॅटवर ठिपक्यांची संख्या ठरलेली, तिथेच गोम आहे. आमच्या ऑफिसातल्या काकांना अक्षर मोठं हवं होतं, त्यांनी १२८०×१०२४ च्या स्क्रीनला ८००×६०० लावलं. सगळं धुक्यातून बघितल्यासारखं! नळीला असलं सोवळं नव्हतं, द्याल ते रिझोल्यूशन चालवून घ्यायची. काळा रंगही घ्या. एलसीडीच्या, म्हणजे ह्याच फ्लॅट स्क्रीनच्या, मागे दिवा कायम पेटलेला, खोलीत अंधार केला की काळ्याचा राखाडी होतो.

आणि दुरुस्ती? नळी बिघडली तर गल्लीतला टीव्ही मेकॅनिक फ्लायबॅक, म्हणजे नळीला जबर दाबाची वीज देणारा भाग, बदलून द्यायचा. फ्लॅटचं पॅनेल तडकलं की नवाच मॉनिटर आणा.

कंपोझिटर_नाना
अक्षर मोठं करायची सोय विंडोजमध्ये वेगळी आहे, काकांना कुणी दाखवली नाही, त्यात स्क्रीनचा काय दोष? दुरुस्तीचं म्हणाल तर माझा फ्लॅट लुकलुकून बंद पडायचा. उघडला तर पॉवर बोर्डावरचे दोन कपॅसिटर फुगलेले. दीडशे रुपयांत चालू झाला. पॅनेलचं मात्र खरंय, तिथे हात टेकले.

अर्धा_युनिट
नाना, वीज "ठाऊकच आहे" म्हणून उडवून लावू नका हो. तालुक्याच्या गावी माझा सायबर कॅफे होता, भारनियमनाच्या ऐन दिवसांत. १७ इंची नळी ८० वॅटच्या आसपास खायची, तेवढाच एलसीडी ३५. आठ मशीन, बारा तास: दिवसाला चार युनिटांच्या वर फरक. शिवाय आठ डबे तापले की एप्रिलमध्ये त्या खोलीत कुणी बसेना. लाइट गेली की यूपीएस शिट्टी मारायला लागायचा आणि पोरांचा ॲडमिशनचा फॉर्म सेव्ह व्हायच्या आत मान टाकायचा. फ्लॅट आणले, तेच यूपीएस निवांत पुरायला लागले. अक्षर दिसायला आधी स्क्रीन चालू तर हवा!

रंगारी
रंगाचं कुणी बोलेना. लग्नपत्रिकेचं गिऱ्हाईक शेजारी खुर्ची ओढून बसतं. स्वस्तातल्या टीएन पॅनेलवर मला समोरून कुंकवाचा लाल दिसे, त्याला बाजूनं फिकट. "जरा गडद करा." मी करायचो. छापून आलं की काळपट, आणि वर "आम्ही हा पसंत केलाच नव्हता". नळी कुठूनही बघा, तीच दिसायची. बाजूनंही रंग तोच दाखवणारं आयपीएस पॅनेल घेतलं तेव्हा कुठे ही कटकट मिटली. सुरुवातीचे फ्लॅट रंगात एक पायरी खालीच होते, कबूल करा.

कंपोझिटर_नाना
अर्धं कबूल. पण रंग चुकला तर गिऱ्हाईक कुरकुरत का होईना, पत्रिका वाटतं. नवरदेवाच्या नावातला अनुस्वार गेला तर गठ्ठा परत येतो.

रंगारी
😄 परत आलाय.

टिकटिक८५
डोळ्यांवर दोन शब्द. नळी ६० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला साठदा चित्र नव्यानं काढायला, ठेवली की लुकलुकायची, त्यानं डोकं चढायचं. ८५ केलं की बऱ्याच अंशी शांत. निम्म्या लोकांनी ते सेटिंग कधी उघडलंच नाही आणि नाव नळीचं खराब केलं. फ्लॅटला ही भानगड नाही, हे मान्य. पण वेगवान गेममध्ये ६० हर्ट्झच्या एलसीडीवर पळणाऱ्या गाडीला जी पुसट शेपटी येते, ती नळीवर नव्हती.

अर्धा_युनिट
नाना, मग त्या डब्याचं काय करताय? भंगारवाला वजनावर नेईल.

सोल्डरभाऊ
भंगारात अजिबात देऊ नका. तो नळीच्या मानेवरच्या कॉइलचं तांबं काढतो आणि काच तिथेच फोडतो. क्ष-किरण अडवायला त्या काचेत शिसं घातलेलं असतं. फ्लॅटवाल्यांनीही फार हुरळू नये, जुन्या एलसीडीतल्या बारीक ट्यूबलाइटमध्ये पारा आहे. दोन्ही ई-कचरा घेणाऱ्याकडेच गेलं पाहिजे. आणि कुतूहल म्हणून मागचं झाकण उघडू नका, बंद मॉनिटरही जबर झटका देऊ शकतो. चालू असेल तर मला द्या, जुने गेम खेळायला हवाच आहे.

कंपोझिटर_नाना
चालू आहे, कालच लावून बघितला. कोपऱ्यातली लाल-हिरवी कडही जशीच्या तशी आहे. रविवारी या. एकटे येऊ नका, दोघं या.