ब्रिटिश कुटुंब कशाने विखुरलं?

थेम्सकाठी
"घटस्फोट सोपा झाला आणि इंग्रजांची घरं मोडली," असं आपल्याकडे सर्रास बोललं जातं. मला पटत नाही. मायकेल यंग आणि पीटर विल्मॉट यांनी पूर्व लंडनच्या बेथनल ग्रीनमधल्या कष्टकरी कुटुंबांची पाहणी १९५७ साली प्रसिद्ध केली. तिथे लग्न झालेली लेक आईपासून दोन गल्ल्यांवर राहायची. रोज आईकडे चक्कर, पोरं आजीपाशी, भाड्याची खोलीसुद्धा आईनेच भाडं वसूल करणाऱ्याकडे शब्द टाकून मिळवून दिलेली. मग याच कुटुंबांना लंडनबाहेर एसेक्समधल्या नव्या कौन्सिल (म्हणजे सरकारी भाड्याच्या घरांच्या) वसाहतीत घरं मिळाली. न्हाणीघर आलं, बाग आली, आई मागे राहिली. घटस्फोटाचा नवा कायदा लागू झाला तो १ जानेवारी १९७१ला! माणसं त्याआधीच पांगली होती.

रानजाई
आजी जवळ होती, मान्य. पण त्या घरातल्या बाईला बाहेर पडायची वाट होती का? १८५७च्या घटस्फोटाच्या कायद्यात नवऱ्याने बायकोचा व्यभिचार सिद्ध केला की पुरे. बायकोला मात्र त्याच्या जोडीला छळ किंवा परित्याग असं आणखी काही दाखवावं लागे. ही तफावत १९२३ साली गेली. आणि लग्नाआधी आई झालेल्या मुली? १९४९ ते १९७६ या काळात इंग्लंड-वेल्समध्ये अशा मातांची सुमारे १,८५,००० बाळं काढून घेऊन दत्तक दिली गेली. शेजारी काय म्हणतील म्हणून आईबापच पोरीला लांबच्या आश्रमात ठेवत. काही आठवडे तिने बाळाला सांभाळायचं, मग ते नेलं जायचं. त्याच इंग्लंड-वेल्समध्ये २०२१ साली निम्म्याहून जास्त, ५१.३ टक्के, मुलं लग्नाबाहेर जन्मली. याला मोडणं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

गावगाडा
मुळात तिथे एकत्र कुटुंब होतं कधी? केंब्रिजच्या पीटर लॅस्लेट यांनी जुन्या गावांच्या नोंदी चाळल्या. कित्येक शतकं इंग्लंडात घरटी सरासरी पावणेपाच माणसं, तीही नोकरचाकर धरून. पोरं हाताशी आली की दुसऱ्याच्या शेतावर चाकरीला जात. आपण आपला वाडा त्यांच्या माथी मारतोय.

थेम्सकाठी
गावगाडा, एका छपराखाली असं मी म्हटलंच नाही. हाकेच्या अंतरावर म्हटलं. रानजाई, त्या मुलींवरचा अन्याय भयंकरच. पण २०२१च्या जनगणनेत इंग्लंड-वेल्समधल्या दहातल्या तीन घरांत एकच माणूस आहे. २०१८ साली एकटेपणासाठी मंत्री नेमावा लागला. याचं काय?

रानजाई
एकटं राहणारा प्रत्येक जण दुःखी नसतो. १९०९पासून सत्तरी गाठलेल्या गरिबांना आठवड्याला पाच शिलिंगांपर्यंत पेन्शन मिळू लागली, तेव्हा किती म्हाताऱ्यांचं लेकासुनेपुढे हात पसरणं थांबलं असेल! आणि आई दोन गल्ल्यांवर हवी म्हणता, तर आजच्या लंडनमध्ये ते भाडं लेकीने कुठून भरायचं?

गावगाडा
भरता येत नाही म्हणूनच त्याच जनगणनेत सुमारे ४९ लाख मोठी झालेली मुलं आईवडिलांच्या घरी सापडली. दहा वर्षांत जवळपास १५ टक्के वाढ. थेम्सकाठी, हे कुटुंब जोडलं गेलं म्हणायचं की अडकलं?