मोठी थ्रॉटल बॉडी बसवल्याने घाटात गाडीची ओढ वाढेल का?

गिरणाकाठ (चाळीसगाव)
नमस्कार मंडळी. माझी टर्बो नसलेली १.२ लिटरची पेट्रोल गाडी ७० हजार किलोमीटर चालली आहे. मे महिन्याच्या दुपारी चार माणसे बसवून, एसी लावून कन्नडचा घाट चढताना ती दुसऱ्या गिअरमध्येही दम टाकते. एका मिस्त्रींनी मूळची ४० मिलिमीटरची थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा फिरत्या पाकळीने कमी-जास्त करणारा भाग) काढून ४६ मिलिमीटरची बसवण्याचा सल्ला दिला असून १८ हजार रुपये खर्च सांगितला आहे. हवेची वाट रुंद केली की ताकद वाढते, हे ऐकायला पटते. पण घाटात खरोखर फरक पडेल का?

तापीकाठ (भुसावळ)
भाऊ, आधी हिशेब पाहू. ४० चे ४६ केल्यास तोंडाचे क्षेत्रफळ ३२ टक्क्यांनी वाढते, आणि विकणारा तोच आकडा सांगतो. इंजिन मात्र सिलिंडरमध्ये मावेल तेवढीच हवा घेते. तुमचे इंजिन मिनिटाला ६००० फेऱ्यांवर सेकंदाला जास्तीत जास्त ६० लिटर हवा ओढेल. ४० मिलिमीटरच्या तोंडातून तिचा वेग सेकंदाला ४८ मीटरच्या आसपास राहतो आणि त्यात वाया जाणारा दाब ढोबळमानाने वातावरणाच्या सव्वा टक्का भरतो. ४६ मध्ये तो पाऊण टक्क्यावर येईल, म्हणजे १८ हजारांत अर्धा टक्का. घाटात तुम्ही ३००० ते ४००० फेऱ्यांवर असता, तिथे तेवढाही उरत नाही.

खरी चोरी उन्हाची आहे. २५ अंशांच्या तुलनेत ४५ अंशांची हवा सुमारे ६ टक्के विरळ असते, आणि त्यावर एसीचा भार. खात्री करायची असेल तर स्कॅनर (गाडीच्या संगणकातील आकडे वाचणारे यंत्र) जोडून मॅनिफोल्डमधील, म्हणजे थ्रॉटलपासून सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांतील दाब आधी इंजिन बंद असताना, मग पूर्ण ॲक्सिलरेटरवर वाचा. दोन आकड्यांतील अंतर म्हणजे फिल्टर, नळी आणि थ्रॉटल यांचा एकत्रित अडथळा.

कापूसवाट (धरणगाव)
वरील हिशेबाशी सहमत आहे. मग बसवणाऱ्यांना फरक का जाणवतो? पॅडल थोडे दाबले तरी मोठ्या तोंडातून हवा जास्त जाते, त्यामुळे गाडी झटकन उसळते आणि माणसाला ताकद वाढल्याचा भास होतो. पॅडल तळाला टेकवले की दोन्ही गाड्या जवळपास सारख्याच. शिवाय तुमची थ्रॉटल इलेक्ट्रॉनिक असेल, तर ईसीयूमधील (इंजिन चालवणाऱ्या संगणकातील) नोंदी जुन्या मापाच्या राहतात आणि आयडल, म्हणजे पॅडल न दाबता इंजिन फिरण्याची गती, वरखाली होऊ लागते. कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) बदलला, हेडचे पोर्टिंग केले (सिलिंडरच्या माथ्यातील हवेच्या वाटा रुंद केल्या) किंवा टर्बो चढवला, तर मोठे तोंड लागू शकते, एरवी नाही.

आधी फिल्टर उघडून पाहा. आमच्याकडे जिनिंगच्या हंगामात फिल्टरवर रुईच्या तंतूंचा आणि काळ्या मातीचा अक्षरशः नमदा बसतो. पाकळीच्या कडेला कार्बन धरला असेल तर क्लीनरने पुसून घ्या, पण इलेक्ट्रॉनिक पाकळी बोटाने ढकलू नका, आणि नंतर स्कॅनरने आयडलची नोंद नव्याने करून घ्या.

गिरणाकाठ (चाळीसगाव)
सांगितल्याप्रमाणे दाब वाचला. इंजिन बंद असताना ९७ किलोपास्कल, पूर्ण ॲक्सिलरेटरवर ५५०० फेऱ्यांना ९३. नवा फिल्टर घातल्यावर तोच आकडा ९५ झाला; म्हणजे निम्मा अडथळा फिल्टरचाच होता. पाकळी पुसल्यापासून सिग्नलवर गाडी थरथरत नाही. थ्रॉटल बॉडीचा बेत रद्द केला आहे, आणि घाटाच्या चढापुरता एसी बंद ठेवण्यास घरच्यांनी नाइलाजाने संमती दिली आहे.