मदत हवी आहे: ब्लॉगरसाठी जेएस (जावास्क्रिप्ट) फाइल फुकटात कुठे ठेवू?

नमस्कार मंडळी, मी ऐरोलीला राहतो आणि ब्लॉगरवर (गूगलची फुकट ब्लॉग सेवा) आपल्या ठाणे खाडीतल्या फ्लेमिंगोंबद्दल लिहितो. लोक रविवारी डोंबिवली-कल्याणहून पोराबाळांना घेऊन येतात आणि नेमकी भरती असते, चिखल सगळा पाण्याखाली, मग पक्षी दिसणार कुठून? म्हणून ओहोटीची वेळ सांगणारी एक स्क्रिप्ट (ब्लॉगच्या पानात चालणारा छोटा प्रोग्राम) लिहिलीय. हिशोब आपला जुनाच, तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाला भरती आणि बाराच्या आसपास ओहोटी. खाडीत आत पाणी जरा उशिरा चढतं, तो फरक वेगळा धरलाय.

प्रॉब्लेम असा की ब्लॉगरवर फोटो, व्हिडिओ चढतात पण जेएस फाइल चढवायची सोयच नाही. थीममध्ये (ब्लॉगच्या साच्यात) अख्खा कोड टाकला की अँडचं चिन्ह (&) आलं रे आलं की एक्सएमएलची (थीम ज्या भाषेत असते तिची) एरर. सीडेटामध्ये (आतला मजकूर जसाच्या तसा ठेवायची खूण) गुंडाळून चालतं, माहितेय, पण हीच स्क्रिप्ट कळव्याचे एक मास्तर शाळेच्या ब्लॉगवर वापरतात, आणि तिथ्यांचं टेबल दर पाडव्याला बदलतं, मग दोन्हीकडे पेस्ट करत कोण बसणार? आधी एका फुकट साइटवर ठेवली होती, ती न सांगता बंद झाली आणि ऐन सीझनमध्ये लोकांना ओहोटीच्या जागी कोरी चौकट दिसत होती, फार वाईट वाटलं. पैसे न भरता पण भरवशाचं काही आहे का?

प्रतिसाद १:
गिटहबवर (कोड ठेवायची साइट) पब्लिक रेपो, म्हणजे सगळ्यांना दिसणारा फोल्डर, काढा, फाइल चढवा आणि सेटिंगमध्ये पेजेस (फाइली वेबसाइटसारख्या पुरवायची सोय) चालू करा. मग गिटहब डॉट आयओवाला पत्ता मिळतो, एचटीटीपीएस (सुरक्षित जोडणी) असतं त्यामुळे ब्राउझर अडवत नाही. साइटला १ जीबी आणि महिन्याला १०० जीबी ट्रॅफिकची मर्यादा आहे, तुमची फाइल काही केबीची, चिंताच नको. फक्त 'रॉ' बटणाची लिंक लावू नका, तिथून फाइल साधा मजकूर म्हणून येते आणि वर ब्राउझरला सांगितलेलं असतं की प्रकार ओळखायचा प्रयत्न करू नकोस, त्यामुळे स्क्रिप्ट चालतच नाही. बरेच जण इथेच अडकतात. आणि ब्लॉगरच्या थीममध्ये स्क्रिप्टच्या ओळीत नुसतं डिफर (पान वाचून झाल्यावर स्क्रिप्ट चालव असं सांगणारा शब्द) लिहून भागत नाही, defer='defer' असं पूर्ण लिहायचं, नाहीतर थीम सेव्ह होत नाही.

प्रतिसाद २:
वरचं बरोबर आहे. त्याच रेपोपुढे जेएसडिलिव्हर लावता येतं, फुकट सीडीएन (ठिकठिकाणच्या सर्व्हरवरून फाइली पटकन पोचवणारी सेवा) आहे. पण पत्त्यात व्हर्जनचा टॅग (त्या आवृत्तीचं नाव) द्या, तो पक्का राहतो. ब्रांचचं (रेपोतल्या बदलत राहणाऱ्या चालू प्रतीचं) नाव दिलंत तर कॅश (साठवून ठेवलेली प्रत) १२ तास जुनीच फाइल देऊ शकते, पाडव्याला सकाळी बदल करून लगेच दिसणार नाही. मूळ फाइल मात्र घरच्या कंप्युटरवर ठेवाच. गूगल ड्राइव्हवरचं वेब होस्टिंग २०१६ मध्ये बंद झालं, रॉगिटने (गिटहबच्या फाइली अशाच पुरवणारी साइट) २०१८ मध्ये गाशा गुंडाळायचं जाहीर केलं. फुकटचं कधी जाईल सांगता येत नाही.

धागाकर्ता:
खूप खूप आभार दोघांचे! पेजेसवर टाकली, माझ्या आणि मास्तरांच्या दोन्ही ब्लॉगवर चालतेय, मोबाइलवर पण बघितलं. आता तिथ्यांचं टेबल वेगळ्या फाइलीत काढू का, म्हणजे पाडव्याला तेवढीच बदलेन?

प्रतिसाद १:
हो, काढाच. आधी टेबलची फाइल लावा मग हिशोबाची, आणि दोन्हीला डिफर द्या, लिहिलेल्या क्रमानेच चालतील. असिंक देऊ नका, त्यात जी आधी उतरेल ती आधी चालते आणि टेबल यायच्या आत हिशोब सुरू होतो.