शब्दचर्चा: पाखरं बघणारा आणि यादी वाढवणारा

परभणी : जायकवाडीच्या पाण्यात रोहितांचा (फ्लेमिंगोंचा) थवा उतरला की तासभर काठावर बसून राहणारा एक, आणि 'नवीन काही नाही' म्हणत लगेच पुढच्या तळ्याकडं निघणारा दुसरा. दोघांनाही आपण 'पक्षीनिरीक्षक'च म्हणतो. दुसऱ्यासाठी मराठीत वेगळा शब्द आहे का? इंग्रजीत 'लिस्टर', 'ट्विचर' असे शब्द आहेत.

नांदेड : यादीबहाद्दर!

पैठण : 'निरीक्षक' तर दोघांनाही जड होतो, शाळा तपासायला साहेब आल्यासारखा. माझं मत 'टिपणे'ला. पाखरू दाणे टिपतं, शिकारी नेम धरून टिपायचा, कॅमेरेवाला फोटो टिपतो आणि वहीत लिहिलं ते टिपण. दुसऱ्या माणसात हे सगळं थोडंथोडं असतंच. पट्टकादंब या रानहंसाबद्दल विचारा आणि त्याचं क्रियापद ऐका : 'पट्टकादंब मिळाला का?' 'मिळाला.' संपलं. बघणारा 'मिळाला' म्हणत नाही, 'दिसला' म्हणतो, आणि मग थांबत नाही : डोक्यावरच्या दोन काळ्या पट्ट्या, मान ताणून एकानं दिलेला पहारा, बाकीचे हरभऱ्यात खाली माना घालून चरतायत.

बीड : 'मिळाला–दिसला' पटलं. पण यादीला इतकं हिणवू नका. हा शब्द फारसी 'याद'वरून आलाय, म्हणजे मुळात आठवण. आपल्याकडं लग्नाच्या याद्या होतात तेव्हा कोण किती तोळे घालणार हे नंतर कुणी विसरू नये म्हणूनच ना? शिवाय 'यादी' आणि 'नोंद' यांत मी फरक करतो. यादीत पक्षी एकदाच चढतो, दुसऱ्यांदा दिसला तर त्याची किंमत शून्य. नोंदीत चिमण्या, साळुंक्या, भांगपाडी मैना रोज मोजायच्या. 'ईबर्ड' या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर पूर्ण यादी भरताना ओळखू आलेला प्रत्येक पक्षी लिहावा लागतो, किती वेळ फिरलात तेही. म्हणजे नावाला यादी, कामाला नोंद. २०२३ च्या भारतीय पक्ष्यांच्या अहवालात ९४२ जातींचा आढावा आहे, तो सुमारे ३०,००० हौशी लोकांच्या ३ कोटी नोंदींवर उभा आहे. दसऱ्याला ज्याचं दर्शन शुभ मानतात तो आपला चास, म्हणजे नीलकंठ, घटत चाललाय हे त्यातूनच कळलं. नुसतं तारेवर बसलेला बघून 'आहा' म्हणणाऱ्यांना ते कळलं नसतं. मीही त्यांतलाच.

लातूर : चास की तास? आमच्याकडं दोन्ही ऐकू येतं.

बीड : दोन्ही चालतात.

परभणी : मग असं धरतो : बघणारा, टिपणारा, नोंद ठेवणारा. 'यादीबहाद्दर' झकास आहे, पण तोंडावर म्हणता येणार नाही. आमच्यात गाडी त्याचीच असते.